मुळांना मीठ कसे कळते? खारजमिनीतील भात आणि मुळांतील आयनांची वाहतूक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खारेपाटात, म्हणजे पेण-अलिबागकडच्या खाडीकाठच्या पट्ट्यात, उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि त्यानंतर त्या शेताला पुन्हा धड भात येईपर्यंत काही पावसाळे जावे लागतात. एवढे सगळ्यांनाच माहीत असते. परंतु त्या पाण्यातल्या मिठाने रोपाच्या मुळात नेमके काय होते, एकाच बांधालगतची एक जात करपते आणि दुसरी तग कशी धरते, हे प्रश्न शेतकरी आणि कृषी शाखेचे विद्यार्थी पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांची उत्तरे येथे शक्य तितक्या सोप्या शब्दांत दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण विषयाचा गाभा तेथेच आहे.

आयन म्हणजे काय, आणि मुळे ते घेतात म्हणजे नेमके काय करतात?

मीठ पाण्यात विरघळले की त्याचे दोन विद्युतभारित भाग सुटे होतात, धनभारित सोडियम आणि ऋणभारित क्लोराइड. अशा भारित कणांना आयन म्हणतात. म्युरेट ऑफ पोटॅशमधील पालाश पोटॅशियमच्या आयनाच्या रूपात मुळापर्यंत पोहोचतो, आणि युरियातील बराचसा नत्र चिखलात अमोनियमचा आयन होऊन मुळाला मिळतो.

मूळ हे दिव्याच्या वातीसारखे आहे, जमिनीत जे असेल ते वर ओढते, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. मुळाच्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ पटल असते आणि त्यातून कोणताही आयन आपोआप आत जाऊ शकत नाही. आत जाण्यासाठी त्या पटलात बसवलेल्या प्रथिनांचीच वाट धरावी लागते. त्यातली काही प्रथिने उघडझाप करणाऱ्या मार्गिका असतात, काही आयनाला धरून पलीकडे सोडणारे वाहक असतात, तर काही ऊर्जा खर्चून काम करणारे पंप असतात. वनस्पतिशास्त्रज्ञ एमॅन्युएल एप्स्टाइन यांनी 1952 मध्ये बार्लीच्या मुळांवर किरणोत्सारी मूलद्रव्ये वापरून केलेल्या प्रयोगांतून असे वाहक असल्याचे प्रथम नीट दाखवून दिले. विकर (एन्झाइम) जसे ठरावीक पदार्थावरच काम करते, तशी या वाहकांचीही निवड आणि मर्यादा ठरलेली असते.

या साऱ्यांच्या मुळाशी प्रोटॉन पंप आहे. तो पेशीतील प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित आयन, सतत बाहेर फेकतो. त्यामुळे पेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत साधारण 120 ते 180 मिलिव्होल्ट इतका ऋण राहतो आणि धनभारित आयन आत ओढले जातात. मुळाच्या श्वसनातून मिळणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा या एकाच कामावर खर्च होतो.

हवे ते घ्यावे आणि नको ते सोडावे, इतके पुरेसे नाही का? संकेत रेणू कशासाठी लागतात?

अडचण अशी की पोटॅशियम आणि सोडियम हे दोन्ही एकेक धनभार असलेले, स्वभावाने जवळचे आयन आहेत. पोटॅशियम पिकाला भरपूर लागतो, सोडियम भाताला जवळजवळ लागतच नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सोडियम सुमारे 10.8 ग्रॅम असतो आणि पोटॅशियम जेमतेम 0.4 ग्रॅम. एवढ्या गर्दीत काही मार्गिका फसतात आणि त्यांतून सोडियम आत शिरतोच.

त्यात खाडीकाठची परिस्थिती रोज पालटते. सकाळी पावसाचे गोडे पाणी, दुपारी भरतीचा पाझर, चार दिवस उघडीप पडली की वर चढलेले क्षार. नवे वाहक प्रथिन तयार करून पटलात बसवायला काही तास लागतात आणि धोका मात्र काही क्षणांत येतो. म्हणून असलेली प्रथिने ताबडतोब चालू-बंद करणारी यंत्रणा वनस्पतीला लागते, आणि तिचे निरोपे म्हणजे संकेत रेणू. कॅल्शियमचे आयन, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू, ॲब्सिसिक आम्ल, एथिलीन आणि ऑक्सिन ही संप्रेरके, काही मोजक्या अमिनो आम्लांचे छोटे पेप्टाइड आणि सूक्ष्म आरएनए हे त्यातले महत्त्वाचे.

खारे पाणी मुळाला लागल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय घडते?

सर्वांत आधी कॅल्शियम हलतो. एरवी पेशीद्रव्यात मोकळा कॅल्शियम अत्यंत कमी ठेवलेला असतो. पेशीबाहेरच्या किंवा रिक्तिकेतल्या (पेशीतल्या साठवणीच्या पिशवीतल्या) साठ्याच्या तुलनेत तो सुमारे दहा हजार पटींनी कमी भरतो. त्यामुळे एखादी मार्गिका क्षणभर जरी उघडली तरी आत एकदम लोंढा येतो आणि पेशीला तो लगेच जाणवतो. काठोकाठ भरलेल्या खाडीच्या बांधाची उघाडी (पाणी सोडण्याचे दार) वितभर उचलावी तसा हा प्रकार आहे. फरक एवढाच की ही उघाडी पेशी स्वतः, हेतुपुरस्सर उघडते.

सोडियम आला आहे हे प्रथम कोणाला कळते, याचे एक उत्तर 2019 मध्ये मिळाले. पेशीपटलाच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या विशिष्ट शर्करायुक्त स्निग्ध रेणूंना सोडियम चिकटतो आणि त्यातून कॅल्शियमच्या मार्गिका उघडतात, असे मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीत आढळले. त्याआधी, 2014 मध्ये, वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन गिलरॉय यांच्या प्रयोगशाळेने आणखी एक विलक्षण गोष्ट दाखवली होती. मुळाच्या एका टोकाला मीठ लावले की कॅल्शियमची लाट पेशीमागून पेशी ओलांडत सेकंदाला सुमारे 400 मायक्रोमीटर वेगाने पुढे जाते. म्हणजे वीतभर उंचीच्या रोपाच्या शेंड्यापर्यंत ही वार्ता पोहोचायला दहा मिनिटेही लागू नयेत. एका पेशीतला कॅल्शियम शेजारच्या पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करवतो, तो पुढच्या पेशीत पुन्हा कॅल्शियमच्या मार्गिका उघडतो, आणि अशी ही साखळी चालू राहते.

एसओएस यंत्रणा म्हणजे काय?

या विषयातले मला सर्वांत सुंदर वाटणारे काम हेच आहे, म्हणून ते थोडे जवळून पाहू.

अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठात जियान-कांग झू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲराबिडॉप्सिसची हजारो रोपे उभ्या काचपात्रांत वाढवली आणि मीठ मिसळलेल्या माध्यमावर ठेवून ती पात्रे उलटी केली. निरोगी रोपाचे मूळ वळून पुन्हा खालच्या दिशेने वाढू लागते. काही रोपांची मुळे मात्र तेथेच थांबली, वळली नाहीत, वाढली नाहीत. त्या थांबलेल्या मुळांचा माग काढत गेल्यावर 1996 ते 2000 या काळात तीन जनुके हाती लागली. 'सॉल्ट ओव्हरली सेन्सिटिव्ह', म्हणजे मिठाला अतिसंवेदनशील, या शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यांना एसओएस1, एसओएस2 आणि एसओएस3 ही नावे मिळाली.

एसओएस3 हे प्रथिन वाढलेला कॅल्शियम धरते. कॅल्शियम बसला की ते एसओएस2 ला जागे करते. एसओएस2 चे काम दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा गट चिकटवण्याचे, आणि तो गट ते एसओएस1 वर चिकटवते. एसओएस1 पेशीपटलात बसलेले असते आणि एरवी स्वतःच्याच शेपटीने स्वतःला रोखून धरते. फॉस्फेट चिकटताच ती शेपटी बाजूला होते आणि ते एक प्रोटॉन आत घेऊन त्या बदल्यात सोडियम बाहेर ढकलू लागते. हीच यंत्रणा भातातही आहे, आणि भाताची जनुके ॲराबिडॉप्सिसच्या सदोष रोपांत घातली असता ती रोपे मिठात पुन्हा वाढू लागल्याचे 2007 मध्ये दिसून आले.

हे काम फुकट होत नाही, हे येथे लक्षात ठेवावे. सोडियम बाहेर ढकलण्यासाठी जो प्रोटॉन आत येतो, तो परत बाहेर फेकायला प्रोटॉन पंपाला ऊर्जा खर्चावी लागते, आणि त्या ऊर्जेसाठी मुळाला प्राणवायू हवा असतो. म्हणून खारे पाणी शेतात नुसते शिरले तर होणारे नुकसान वेगळे आणि ते तुंबून राहिले तर होणारे नुकसान वेगळे. भाताच्या मुळात हवेच्या पोकळ्या असतात म्हणून भात थोडा तरी टिकतो. तुंबलेल्या खाऱ्या पाण्यात तूर किंवा मिरची उभी राहणे कठीण.

रोप मरते ते सोडियममुळे की तहानेने?

दोन्हींमुळे, पण वेगवेगळ्या वेळी. पहिल्या तासांत आणि दिवसांत बाहेरच्या क्षारांमुळे मुळाला पाणी ओढणे जड जाते. शेतात पाणी असूनही रोप तहानलेले राहते आणि नव्या पानाची वाढ मंदावते. सोडियमचा विषारी परिणाम पुढे काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी दिसतो, आणि तो जुन्या पानांवर आधी दिसतो, कारण पाण्याबरोबर वर आलेला सोडियम तेथे सर्वाधिक काळ साठत गेलेला असतो.

खारेपाटातील रोप हातात घेऊन पाहिले तर हा क्रम डोळ्यांना दिसतो. खालच्या पानाचे टोक प्रथम पांढुरके होते, मग कडांनी खाली उतरत सुकते आणि आत वळते. त्या वेळी मधला कोंब हिरवाच असतो. कोंब हिरवा आहे म्हणून रोप बरे आहे असे समजून निश्चिंत होणारे पुष्कळ जण भेटतात. प्रत्यक्षात रोप जुनी पाने गमावून कोंब वाचवत असते.

यातली तिसरी बाजू बहुधा सांगितलीच जात नाही. धनभारित सोडियम आत घुसला की पेशीचे ऋण विभव, म्हणजे वर सांगितलेला आतला ऋण दाब, कमी होते, आणि ते कमी झाले की बाहेर नेणाऱ्या मार्गिका उघडून पेशीतला पोटॅशियम गळू लागतो. अनेक विकरांना पोटॅशियमवाचून काम करता येत नाही. म्हणून एखादी जात मिठाला किती टिकेल, हे तिने सोडियम किती अडवला यावर जितके अवलंबून असते, तितकेच तिने पोटॅशियम किती धरून ठेवला यावरही असते.

मुळात शिरलेला सोडियम पानांपर्यंत जाण्यापासून रोखता येतो का?

रोखता येतो, आणि त्यासाठी मुळात एकामागून एक अडसर आहेत. मुळाच्या आतल्या भागात अंतस्त्वचा नावाचा पेशींचा एक थर असतो. त्या पेशींच्या भिंतींत लिग्निनची एक पट्टी असते, जिला रॉबर्ट कॅस्परी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाने कॅस्परी पट्टी म्हणतात. दोन पेशींच्या फटींतून गुपचूप आत जाणारे पाणी आणि क्षार ही पट्टी अडवते, आणि मग प्रत्येक आयनाला एखाद्या पेशीच्या पटलातूनच जावे लागते.

ही पट्टी पूर्ण बंद झाली आहे की नाही, हे मुळाला कसे समजते? 2017 मध्ये याचे उत्तर मिळाले. मुळाच्या गाभ्यातून एक छोटे पेप्टाइड बाहेर सोडले जाते. पट्टीत फट असेल तर ते त्या फटीतून पाझरून पलीकडच्या ग्राहक प्रथिनाला भेटते, आणि पट्टी आणखी बांधण्याचे काम चालू राहते. फट बुजली की निरोप पोहोचणे थांबते, आणि काम आपोआप थांबते. बांधावर पाणी कोठून झिरपते हे पाहत हिंडणारा आणि झिरप दिसेल तेथे चिखल थापणारा माणूस याहून वेगळे काय करतो?

या पट्टीनंतर सुबेरिन या मेणचट पदार्थाचा थर येतो. ॲब्सिसिक आम्ल तो वाढवते आणि एथिलीन तो कमी करते. पोटॅशियम कमी पडला की थर वाढतो, लोह कमी पडले की थर कमी होतो, अशी ही जुळवाजुळव सतत चालते. भातात मात्र एक कच्चा दुवा आहे. बाजूची मुळे जेथे मुख्य मुळातून फुटतात तेथे हे थर फाटतात आणि त्या वाटेने बराच सोडियम थेट आत शिरतो.

तरीही जलवाहिनीत पोहोचलेल्या सोडियमला तेथून पुन्हा बाहेर काढणारे एक वाहक प्रथिन आहे. बंगालच्या नोना बोकरा या खारसहिष्णू भातात 2005 मध्ये चिनी संशोधकांना ते सापडले. ते जलवाहिनीलगतच्या पेशींत बसून वर निघालेला सोडियम खाली अडवून ठेवते. केरळातील पोक्काळी भाताच्या पहिल्या गुणसूत्रावरचा 'सॉल्टॉल' हा प्रसिद्ध भागही याच वाहकाच्या जनुकाच्या परिसरात आहे, आणि पोक्काळीचा संकर आयआर 29 या जातीशी करून निवडलेली एफएल 478 ही ओळ आज अनेक पैदासकार वापरतात. याशिवाय पेशीत आलेला सोडियम रिक्तिकेत कोंडून ठेवणारी एनएचएक्स प्रथिनेही असतात.

पालाश घातल्याने पीक मीठ सोसते का?

काही प्रमाणात सोसते. पोटॅशियम कमी पडला की मुळात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि एथिलीन वाढतात आणि जोमदारपणे पोटॅशियम खेचणारे वाहक तयार होऊ लागतात. त्याच वेळी कॅल्शियमचा संकेत सीआयपीके23 या प्रथिनामार्फत पोटॅशियमची मुख्य मार्गिका चालू करतो, हे 2006 मध्ये दाखवले गेले. पण बाहेर सोडियम अफाट असताना केवळ पालाश वाढवून ही झुंज जिंकता येत नाही. शिवाय म्युरेट ऑफ पोटॅशबरोबर क्लोराइडही येतो. माती तपासून, गरज असेल तेवढाच पालाश द्यावा आणि परवडत असेल तर सल्फेटच्या रूपातला द्यावा.

नत्राच्या बाबतीतही असे संकेत असतात का?

असतात, आणि ते फार शहाणपणाचे असतात. नायट्रेटचे एक वाहक प्रथिन नायट्रेट भरपूर असताना एका पद्धतीने काम करते आणि दुर्मिळ असताना त्याच्या 101 व्या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसून ते कितीतरी अधिक ओढीने काम करू लागते. तो फॉस्फेट बसवणारे प्रथिन पुन्हा तेच सीआयपीके23. पोटॅशियम आणि नायट्रेट यांचा हिशेब असा एकाच कारकुनाकडे आहे.

जपानमधील संशोधकांनी 2014 ते 2017 या काळात आणखी पुढचे दाखवले. मुळांच्या एका बाजूला नत्र नसला तर ती मुळे एक पेप्टाइड पानांकडे पाठवतात. पानांकडून दुसरे पेप्टाइड खाली येते, आणि ज्या बाजूला नत्र आहे त्या मुळांना अधिक घ्यायला लावते.

चिखलणी केलेल्या शेतात मात्र नायट्रेट थोडे आणि अमोनियमच अधिक असतो. अमोनियमची मार्गिका तीन भागांची असते आणि त्यातल्या एका भागावर जरी फॉस्फेट बसला तरी तिन्ही बंद होतात, कारण अमोनियम अति झाला तर तोही विषारी ठरतो. म्हणूनच युरिया एकदम न देता हप्त्यांनी दिलेला बरा. एकाच वेळी फार दिला तर मुळे स्वतःच दार लावून घेतात, आणि उरलेला अमोनिया होऊन हवेत उडून जातो.

जांभ्या जमिनीत प्रश्न वेगळा का असतो?

तेथे अडचण खारेपणाची नसून आम्लतेची असते. लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला बांधून ठेवतात. स्फुरद कमी पडला की पाने एक सूक्ष्म आरएनए रसवाहिनीतून मुळाकडे पाठवतात आणि तो स्फुरदाच्या वाहकांवरचा लगाम सैल करतो.

समुद्रालगत तिवर आणि माड कसे तगतात?

तिवराची मुळे पाण्यातला बहुतेक सोडियम बाहेरच ठेवतात आणि जो आत आला तो पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकतात. उन्हात तिवराचे पान पाठ-पोट फिरवून पाहिले तर त्यावर मिठाचे बारीक कण दिसतात, चाटले तर खारट लागते. माडाची गोष्ट वेगळी. त्याला क्लोराइड खरोखरच लागतो, कारण पानावरची रंध्रे उघडताना पोटॅशियमबरोबर क्लोराइडही आत यावा लागतो. माडाच्या खड्ड्यात मीठ घालण्याच्या जुन्या रीतीला असा आधार आहे. पण माडाला चालते म्हणून कलमांना किंवा भाजीला मीठ घालू नये.

संकेत रेणू बाटलीतून विकत घेऊन फवारता येतात का?

बाजारात तशी उत्पादने मिळतात. पण संकेताचा अर्थ तो कोणत्या पेशीत, कोणत्या वेळी आणि किती काळ आला यावर ठरतो. ॲब्सिसिक आम्ल सर्व पानांवर एकदम पडले तर रंध्रे मिटतील आणि वाढही खुंटेल, शिवाय ते उन्हात लवकर नष्ट होते. गोड्या पाण्याने माती धुणे आणि पाण्याचा निचरा यांची जागा कोणतीही फवारणी घेऊ शकत नाही, हे मी ठामपणे सांगतो.

मग शेतकऱ्याने प्रत्यक्षात काय करावे?

बी निवडताना खारसहिष्णू जाती घ्याव्यात. काळा राता आणि भुरा राता या आपल्या जुन्या जाती, आणि दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राच्या पनवेल 1, पनवेल 2 आणि पनवेल 3 या जाती परिचित आहेत.

भाताचे बी रुजताना मीठ बऱ्यापैकी सोसते. दोन-तीन पानांचे रोप आणि फुलोरा या दोन अवस्था मात्र फार नाजूक असतात. म्हणून आवण (लावणीची रोपे) गोड्या जमिनीत करावे आणि नेहमीपेक्षा थोडे जून झाल्यावर लावावे, म्हणजे नाजूक अवस्था खाऱ्या मातीबाहेरच सरते. शेतात मोड आलेले बी फेकायचे असेल तर पहिले मोठे पाऊस होऊन माती धुऊन निघेपर्यंत थांबावे. पावसाचे पाणी शेतात अडवून, क्षार विरघळू देऊन, ओहोटीच्या वेळी उघाडीतून सोडून द्यावे आणि असे दोन-तीनदा करावे. उन्हाळ्यात शेत उघडे ठेवले की खालचे क्षार पाण्याबरोबर वर चढतात, म्हणून भाताचा पेंढा अंथरून ठेवणे हिताचे असते.

लावणीआधी मातीच्या अर्काची विद्युत वाहकता तपासून घ्यावी. साधारण 3 डेसीसायमन प्रति मीटरच्या पुढे भाताचे उत्पन्न घटू लागते आणि त्यापुढच्या प्रत्येक एककाला सुमारे 12 टक्के कमी होते. तपासणीसाठी नमुना घेताना तो शेताच्या मध्यावरूनच नव्हे, तर बांधालगतच्या, पाझर लागणाऱ्या पट्ट्यातूनही वेगळा घ्यावा, कारण एकाच शेतातल्या या दोन जागांचे आकडे पुष्कळदा एकमेकांच्या जवळपासही नसतात.